धोंडीचं दुसरं नाव

१० जून १९७९, रविवार. वालूर

उद्यापासून धोंडी बालवाडीत जाणार. पाटी आणली, फ्रॉक धुऊन वाळत घातला, ते सगळं झालं. पण नावाचं काय करू?

पहिल्या दोन लेकरांची नावं चांगली होती. दोन्ही गेली. म्हणून ही जन्मली तशी सासूबाईंनी उकिरड्यावर ठेवली, शेजारच्या काकूंनी उचलली, अन् आमी सूपभर ज्वारी देऊन त्यांच्याकडून विकत घेतली. नाव ठेवलं धोंडी. दगडधोंड्याला कोण कशाला नेईल?

आता बालवाडीच्या बाई म्हणतात, नीट नाव सांगा. आमच्या यांनी लगेच एक छान नाव सांगून टाकलं. मी रडले तर म्हणाले, "गेल्या साली विद्यापीठाच्या नावासाठी माणसं मेली, अन् तू लेकीला धोंडीच ठेवणार?" नाव अन् मरण, एका दमात बोलले. तेही लेकीसमोर.

ते नाव मी इथं लिहिणार नाही.

दिवसभर हे तिला तेच शिकवायलेत. बाईंनी नाव घेतलं की हजर म्हणायचं. शिकली पण. लय खूश आहे.

दिवेलागणीला मी हाक मारली, "धोंडे, जेवायला ये." ओट्यावरून हलली नाही. पुन्हा मारली. तर म्हणते, "धोंडी कोण?"

शेवटी दारात उभी राहून तेच नाव घेतलं. मोठ्यानं. "हजर!" करत पळत आली.

सगळ्या आळीनं ऐकलं असेल. देवा, आळीनंच ऐकलेलं असू दे. आणखी कुणी नको.