कडुलिंबावरचा जोड

तात्या, वैताग आलाय म्हणून लिहितोय. गेल्या महिन्यात कुठल्याशा मोर्चाच्या भीतीनं नेट बंद ठेवलं, आणि तुमच्या नातीनं जळोचीला माझ्या घरी येऊन, माझाच चहा पीत मला शिकवलं, की मामा, आता असं नवीन निघालंय: टॉवर नको, कंपनी नको. या छपरावरच्या डब्यातून निरोप त्या छपरावर, तिथून पुढं. एक वाट बंद पडली तर तो दुसरीकडून जातो. आपल्या वस्त्यांवर असे सहा डबे बसवायचेत म्हणे. मी म्हणालो, "बाई, हे तुझ्या आजोबांनी कुंपणाच्या तारेवर करून झालंय." ती हसली. मामा लोकांना सगळे शोध आपल्याच घरात लागलेले आठवतात, असं हसली.

नव्वदीतलं चौथं-पाचवं साल असेल. रस्ता रुंद करताना कुणाच्या तरी यंत्रानं केबल तोडली आणि वरकुट्याकडचे सगळे फोन बंद. महिना उलटला. तुम्ही जन्मभर खांबावर चढलेले लाइनमन, नुकतेच रिटायर झालेले, ऑफिसात गेलात तर साहेबानं तुम्हालाच सांगितलं, "तक्रार नोंदवलीय." दुसरा माणूस शिव्या देऊन घरी बसला असता. तुम्ही जुन्या बाजारातून दांडा फिरवायचे सहा फोन आणलेत आणि सहा वस्त्यांभोवती तारेचा वेढा घालायला निघालात. शिडी धरायला कोण? मी. बारामतीच्या नोकरीतून रविवारी यायचं ते आईच्या हातचं खायला, तर ताट वाढायच्या आधी हातात पक्कड. वर तुमचा नियम: ऐकलेला निरोप जसाच्या तसा परत म्हणायचा, मगच ठेवायचं. एकानं दांडा फिरवला की सहाही घरं कान लावायची. आपल्या कालवणात मीठ जास्त झालं हे आपण जेवायच्या आधी बाकीच्या पाच घरांना ठाऊक.

वेढा पुरा करायचा तर तार काकांच्या वस्तीवरून न्यावी लागणार होती. तुमचा सख्खा धाकटा भाऊ, पण बांध कोरल्यावरून चार वर्षं बोलणं बंद. लग्नाच्या पत्रिकासुद्धा एकमेकांकडे गुरवाच्या हातून जायच्या. मी शिडीखालून ओरडलो, "तात्या, त्यांच्या दारात तार?"

"मी काय त्यांच्यात सोयरीक करतोय व्हय? तार टाकतोय. वाट दोन्हीकडनं पायजे."

"त्यांनी आपल्या बांधात नांगर घातलाय."

"बांधात घातलाय, तारंवर न्हाय घातला. धर नीट, पाडशील मला."

पुढच्या रविवारी तुम्ही झोपलेले असताना तुमचीच पक्कड आणि शिडी घेऊन मी बांधावरच्या कडुलिंबावर चढलो आणि जोड सोडला. आपल्या घरातलं त्यांच्या घरात जाऊ नये, एवढंच. अक्कल बघा. तुमची रचनाच अशी की आवाज उलट्या वाटेनं सगळ्या वस्त्या फिरून त्यांच्याकडं पोचतच राहिला. कुणाला काही कळलं नाही. मी मात्र फार मोठा सूड उगवल्यासारखा जेवलो.

मग तो मार्चमधला दिवस. ताई पहिल्या बाळंतपणाला आलेली, मी रजा काढून घरी. सकाळी उसाची ट्रॉली गेली आणि रस्त्याकडची तार ओढून तोडून गेली. दुपारी ताईला कळा सुटतात, रक्त जायला लागतं, आई आतून हाका मारतेय. तुम्ही पलीकडच्या वस्तीवरच्या जीपवाल्यासाठी दांडा फिरवताय. पुन्हा फिरवताय. "आरं, एकीकडं तुटली तरी लागाय पायजे की!" मी तुमच्याकडं बघत नाही. जोडायला शिडी हवी, शिडीला वेळ हवा. मी पळत सुटतो, थेट काकांच्या दारात.

काकू सुपात धान्य पाखडत होत्या. "ताई... जीप..." एवढंच मला बोलता आलं. सूप टाकून त्यांनी दांडा फिरवला. "अवो दाजी, जीप काढा, आमच्या पोरीला कळा सुटल्यात. रगत जातंय. व्हय, आमच्याच! आता परत म्हणा बघू काय सांगितलं ते." तुमचा नियम तुमच्या पोरापेक्षा त्यांनी नीट पाळला. ताई वेळेत इंदापूरला पोचली, आणि मला नेट शिकवणारी ही विदुषी जन्मली.

दुसऱ्या दिवशी तुम्ही लिंबावर चढलात. तुटलेल्या तारेचं टोक ताणलेलं असतं, सोडलेल्याचं नसतं, हे मला तुम्हीच शिकवलेलं. खाली उतरलात आणि म्हणालात, "ट्रॉली लिंबावर कशी चढली असंल रं?" मी म्हणालो, "वाऱ्यानं सुटला असंल." तुम्ही म्हणालात, "व्हय." आणि हात धुवायला गेलात. तात्या, एक थोबाडीत मारली असती तर विषय संपला असता. त्या "व्हय"चं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही. तुम्ही गेलात आणि विचारायचंही राहिलं.

आता नात म्हणते, सहावा डबा काकूंच्या छपरावर बसला तरच वेढा पुरा होतो. "मामा, तू विचार त्या आजींना." काका गेले, काकू थकल्यात, बांधाचं भांडण मात्र ठणठणीत आहे. मी तिला सांगितलं, मला लिखाणाची कामं आहेत. कामं काही नाहीत. हे पत्र लिहितोय, आणि हे कुठल्या वाटेनं तुमच्याकडं यायचं?

एक मात्र तुम्हालाही ठाऊक नसेल. त्या दिवशी फोन ठेवून काकूंनी पाण्याचा तांब्या पुढं केला. "पी बाबा, किती पळालास." मी म्हणालो, "नको, तहान न्हाय." तहान लागली होती.