घंगाळाच्या तांब्याची मोटार

२ बहमन १३४५ फसली

आणली! देशमुखांच्या गोठ्यात सात वर्षं पडून होती. निजामाच्या शिक्क्याचे चाळीस हाली रुपये मोजले. शेजारच्या हावगेप्पाच्या चार बैलांनी ओढत दारात आणून सोडली. मागच्या गादीत कोंबडीची अंडी – अकरा. ती हावगेप्पानं बैलांच्या भाड्यात धरली. "मास्तर, शाळा सोडून कामून लोखंडाच्या नादी लागलाव?" म्हणाला. गावातलं एकूणएक घड्याळ, शिवणयंत्र मी दुरुस्त केलंय – कुणापाशी शिकायला न जाता. मोटार म्हणजे मोठं घड्याळच.

९ बहमन

सगळी सुटी केली. प्रत्येक भागाला आकडा, प्रत्येकाचं चित्र वहीत, मापासकट. दोनशे चौदा भाग. एक नट जास्त भरतोय. कुठला, उद्या बघू.

१० बहमन

नट खाटेचा होता.

२८ बहमन

रेडिएटर पार कुजलेला. पाणी घातलं की चहूकडून धार. हैदराबादेहून नवा मागवायचा तर तीन पगार. घरातली आत गेली आणि माहेरचं तांब्याचं घंगाळ घेऊन आली.

"कापा."

राहू दे म्हणालो.

"कापा म्हणते ना! फक्त नलिनीच्या लग्नाला ह्याच गाडीतनं न्या मला."

नलिनी तिच्या भावाची, नरहररावांची थोरली. लग्न २७ फरवर्दीला, हळ्ळीखेडला. तीन कोस. शब्द दिला. मी तांब्याला कात्री लावली तेव्हा ती परसात जाऊन उभी राहिली.

१४ इस्फंदार

रंग घरीच केला. काजळी आणि जवसाचं तेल – अस्सल काळा! तेवढ्यात नरहरराव आले. मोटारीभोवती दोन फेऱ्या मारल्या.

"भावजी, शिकलात कुठं हे?"

"नजरेनं."

"मग अक्काला बैलगाडीतनंच आणा. वेळेवर तरी पोचेल!"

हसा म्हणावं.

५ फरवर्दी

मागच्या चाकांचा दांडा जोडायला घेतला. घरातली रॉकेलमध्ये भाग धुऊन देत होती. म्हणाली, "अहो, ते मोठं दातेरी चाक डाव्या अंगाला होतं. मी खडूनं खूण केली होती."

खूण मीच पुसली! मापाची चित्रं असताना खडू कशाला? चित्रात उजवीकडं आहे. उजवीकडं बसवलं. "तुला काय कळतंय त्यातलं?" म्हणालो. ती भाकरी टाकायला उठली.

२५ फरवर्दी

एंजिन पहिल्या हिसक्याला सुरू! सगळा गाव दारात. पहिला गियर टाकला, पाय सोडला – मोटार मागं! थेट हावगेप्पाच्या कडब्याच्या गंजीत. परत टाकला. परत मागं. हावगेप्पा अंगावरचा कडबा झाडत ओरडला, "मास्तर, हिचं तोंड माहेराकडं अन् पळायलीय सासराकडं!" लोक हसून लोळले.

दुपारी वही उघडली. चित्र काढताना मी मोटारीच्या पुढं बसलो होतो. बसवताना मागं. डावं ते उजवं झालं, म्हणून चाकं उलटी फिरतात. खोलून जोडायला पाच दिवस हवेत. लग्नाला दोन.

ती मोटारीच्या गादीवरचा कडबा वेचू लागली. "सांगितलं होतं" म्हणाली असती तर बरं वाटलं असतं.

२६ फरवर्दी

मागं जायचा गियर टाकला तर? पुढं जाते! बैलाच्या चालीनं – पण जाते.

२८ फरवर्दी

पोचलो होतो काल! तीन कोसांना साडेतीन तास. रेडिएटर उकळायचा, सहा विहिरींवर थांबून पाणी घातलं. दोन बैलगाड्या आम्हाला मागं टाकून गेल्या, वर हात हलवून. पण घंगाळाचं तांबं एक थेंब पाझरलं नाही.

ऊन उतरल्यावर वरात निघाली. नवरा-नवरी माझ्या मोटारीत! वाजंत्रीवाल्यांच्या मागं अगदी त्यांच्या पावलानं. ना हिसका, ना धक्का. व्याही गुंडेराव म्हणाले, "काय हात आहे मास्तरांचा! इतकी हळू धरणं सोपं नाही." मी मान डोलावली. नरहरराव म्हणाले, "भावजी, हरलो! नजरेनंच शिकलात." मी परत मान डोलावली.

ती शेजारीच होती. सगळं ऐकून, खाली बघून नुसती हसली.

जिलेब्या चांगल्या होत्या म्हणतात. मला एकही गेली नाही.

४ अर्दीबेहिश्त

दांडा परत खोलला. नरहरराव अक्काकडं आलेले, हावगेप्पा ओट्यावर. दातेरी चाक हातात धरलं आणि दोघांच्या देखत मोठ्यानं विचारलं, "अन्नपूर्णा, कुठल्या अंगाला?"

लग्नातला उखाणा सोडला तर तेवीस वर्षांत पहिल्यांदा नाव घेतलं. ती खडू घेऊन आली.