शुक्रवारचा चाकू

पेण, रविवार, १८ जून १९९५

तीर्थरूप हासाजीदादा यांस,
शालोम. धाकटी बहीण मिरियम हिचा कृ. सा. न. वि. वि.

तुझ्या भाच्याचं, आरोनचं पत्र आलं. तिकीट निघालं. ८ ऑगस्ट, मंगळवार. म्हणजे आता मी खरंच चालले, आणि कायमची. गेले तीन महिने मी हे लिहीत होते आणि तू दर पत्रात पेणच्या पोह्यांचा विषय काढून मला बगल देत होतास. पोहे चांगले आहेत, पापडही वाळलेत. आता दुसरा विषय शोध.

रोह्याच्या घरातलं मला भांडं नको, पाट नको, आईची पैठणी तर कसरीने खाल्लीच. मला एकच वस्तू पाहिजे. आबांचा चाकू. तिकडे समुद्रापलीकडे अश्दोदला आरोनचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे. तिथे बसून रोहा म्हणून हातात धरायला काहीतरी नको का? तुझ्या बिस्किटांच्या डब्यात सोळा चाकू नुसते पडून आहेत आणि रोज खिशात घालायचे सहा वेगळे, असं तुझी सूनच सांगते. डेबोरा असंही म्हणाली की मागच्या महिन्यात मामंजींनी चाकूसकट पँट धुवायला टाकली आणि धोपटताना तिचं मनगट थोडक्यात वाचलं. एक चाकू कमी झाला तर तिचे आशीर्वादच मिळतील तुला.

आरोन तुलाही बोलावतो आहे. निदान बघायला तरी ये म्हणतो.

माया आहेच तुझी. ती या सात आठवड्यांत जरा जास्त दाखव.

तुझी,
मिरियम

*

रोहा, गुरुवार, २२ जून १९९५

चि. मिरियम हिस,
शालोम. अ. उ. आ. वि. वि.

पत्र पोचलं. दोनदा वाचलं. मग पोहे खाल्ले.

आधी आरोनचं. त्याला सांग, मामाने तीस वर्षं एसटीच्या कंट्रोलर केबिनमध्ये बसून दुसऱ्यांच्या गाड्या सोडल्या. स्वतः जायची हौस कधी झाली नाही. मुंबईला तीनदा गेलो, तिन्ही वेळा परतीची गाडी आधी विचारली. पेणच्या पुढे मला गरगरतं. विमानाचं नाव काढू नकोस.

आता चाकूचं. डेबोराने तुला आकडे सांगितले, पण वार सांगितले नाहीत. रविवारचा चाकू खांब गावच्या लोहाराचा, खैराच्या मुठीचा. मंगळवारचा पितळी मुठीचा, जाड पात्याचा, नारळाच्या काथ्यालाही ऐकत नाही. सोमवार, बुधवार, गुरुवार हे साधे, घडीचे. स्टँडवर कुणाची गाठ सुटेना, कुणाला फणस फोडायचा असेल, तर लोक माझी वाट बघतात. चाकू कुठाय विचारत नाहीत, आज वार कुठला ते विचारतात. शनिवारी शब्बाथ, काही बाळगायचं नाही, खिसा रिकामा. त्या दिवशी मी डावीकडे झुकून चालतो असं लोक म्हणतात.

आणि शुक्रवारचा आबांचा. सांबरशिंगाची मूठ, टोक मोडलेलं. टोक कुणी मोडलं हे आबांना कुणी सांगितलं, ते मी विसरलेलो नाही. मी तुला मूठभर बोरं दिली होती गप्प बसायला. तू बोरंही खाल्लीस आणि आबांनी विचारल्याबरोबर माझं नावही सांगितलंस. जन्मात एकदा तरी भावासाठी खोटं बोलायचं होतं.

चाकू देणार नाही असं मी म्हटलेलं नाही. देतो असंही अजून म्हटलेलं नाही. ७ जुलैला शुक्रवारी येतो, दोन रात्री राहतो. मन झालं तर तुझ्यासमोर ठेवीन. हातात देणार नाही. चाकू हातातून हातात दिला की माणसं तुटतात असं आई म्हणायची. तो खाली ठेवायचा आणि दुसऱ्याने उचलायचा.

कळावे. आशीर्वाद पुष्कळ आहेत, सामानात चेंगरू नकोस.

तुझा,
हासाजीदादा

*

रोहा, रविवार, ९ जुलै १९९५, संध्याकाळ

चि. मिरियम हिस,
शालोम. अ. उ. आ.

आत्ताच पोचलो आणि चपला न काढता लिहायला बसलो. आबांचा चाकू माझ्याकडे नाही.

सांगतो. शुक्रवारी तो खिशात होता. रविवारी परत यायचं म्हणून रविवारचा चाकू पिशवीत घेतला होता. शुक्रवारी दिवे लागायच्या सुमारास तुझ्याकडून सिनेगॉगला निघालो आणि अर्ध्या वाटेवर आठवलं की चाकू खिशातच आहे. शब्बाथ लागायला पाच मिनिटं. परत फिरावं तर प्रार्थना चुकते. म्हणून मी तो एका सुरक्षित ठिकाणी ठेवला. एवढं पक्कं आठवतं. ठिकाण इतकं सुरक्षित होतं की आता मलाही सापडेना.

आज सकाळी सवयीने रविवारचा चाकू खिशात घातला. खिसा जड, मन निवांत. वडखळला गाडीत काकडी घेतली, सोलायला चाकू काढला आणि हातात खैराची मूठ आली. तेव्हा आबांचा चाकू आठवला. काकडी शेजारच्या बाईला देऊन टाकली.

आता मनातलं लिहितो. शनिवारी तू तुझी बॅग तीनदा उघडलीस आणि मी आत आलो की बंद केलीस. घेतला असशील तर घेतलास म्हण. मी रागावणार नाही. फक्त मला कळू दे.

तुझा,
हासाजीदादा

*

पेण, बुधवार, १२ जुलै १९९५

ती. हासाजीदादा यांस,
सा. न. तेवढाच पुरे.

मी चोर? बॅगेत तुझ्यासाठी घेतलेला नवा सदरा होता. जायच्या दिवशी द्यायचा होता. आता तो आरोनला घालीन.

दोन दिवस घर उपसते आहे. तांदळाचा डबा ओतला, पोह्यांचा ओतला, पापडांच्या चळती उलगडल्या, बारा तरी मोडले. विहिरीच्या काठच्या फटीत हात घालून पाहिला तर बेडूक निघाला. सिनेगॉगच्या पायऱ्यांपर्यंत प्रत्येक कुंपण तपासलं. लोक विचारतात, बाय, काय हरवलं? मी सांगते, भावाची अक्कल.

मलाही मनातलं लिहू दे. तुला चाकू द्यायचाच नव्हता. नाही म्हणायचा धीर झाला नाही, म्हणून हरवलास. तो आत्ता तुझ्या बिस्किटांच्या डब्यात सतरावा होऊन बसला असेल. तसं असेल तर ठेव. पण मी जाताना आपल्यात हे असं राहायला नको. चार आठवडे उरलेत, दादा.

तुझी,
मिरियम

*

रोहा, सोमवार, १७ जुलै १९९५ (कार्डावर)

चि. मिरियम हिस, अ. आ.

डबा डेबोरासमोर उघडला. सोळाच. ती साक्षीला सही करते आहे, खाली बघ. माझ्या पोरीच्या वयाच्या सुनेची सही घ्यायची पाळी आली. शुक्रवारी खिसा रिकामा घेऊन स्टँडवर गेलो तर कान्हू कंडक्टरने विचारलं, काका, आज शनिवार काय? घरी परत आलो.

सदरा आरोनला होणार नाही. त्याचे खांदे त्याच्या बापासारखे आहेत.

हासाजी
(साक्षीदार: डेबोरा. आत्या, खरंच सोळा आहेत. मामंजी जेवत नाहीत नीट.)

*

पेण, गुरुवार, २० जुलै १९९५

तीर्थरूप हासाजीदादा यांस,
शालोम आणि मनापासून कृ. सा. न. वि. वि.

सापडला! बसून वाच.

काल हिरामण मूर्तिकाराकडे निरोप घ्यायला गेले. त्याची शेड आपल्या वाटेवरच, सिनेगॉगच्या अलीकडे. तीनशे गणपती ओळीने बसलेले आणि हिरामण एकाच्या सोंडेची वळी काढत होता. हातात सांबरशिंगाची मूठ. टोक मोडलेलं.

विचारलं, हा कुठला? तर म्हणाला, तुमच्या दादांनी दिला. म्हणे, शुक्रवारी तिन्हीसांजेला आले, माझ्यासमोर फळीवर चाकू ठेवला, हात जोडले, एक शब्द न बोलता निघून गेले. चाकू असा न बोलता खाली ठेवून देतात हे मला काय माहीत नाय? एवढा मोठा माणूस आपल्याला वस्तू देतो म्हटल्यावर मी नको कसा म्हणू? उचलला, कपाळाला लावला, कामाला घेतला.

त्याच्या कोरण्यांच्या ढिगात चाकू कुणाला दिसणार नाही, हे तुझं सुरक्षित ठिकाण! आणि हात कशाला जोडलेस?

हिरामणने त्याला हळदकुंकू लावलंय. आबांच्या चाकूला कुंकू, दादा. मी तोंडात पदर कोंबला. पण खरी पंचाईत पुढेच. तो सोडायला तयार नाही. मोडक्या टोकाने पापणी जशी उतरते तशी कुठल्याच कोरणीने उतरत नाही म्हणतो. चतुर्थी झाल्यावर नेऊन देईन म्हणाला. चतुर्थी २९ ऑगस्टला, मी जाणार ८ ला.

दुसरं. आरोनने कळवलंय की विमानात बसण्याआधी एक मुलगी विचारते, तुम्हाला बरोबर न्यायला कुणी काही दिलंय का? चाकू मोठ्या बॅगेत चालेल, पण विचारलं तर खरं सांगावं लागेल. भावाने चाकू दिला असं मी सांगितलं तर मला खालीच ठेवतील. आणि खोटं मला येत नाही, ते तुला बोरांपासून ठाऊक आहे.

चोर म्हणालास ते माफ. मी अक्कल म्हणाले तेही माफ कर. सदरा तुझाच आहे.

तुझी,
मिरियम

*

रोहा, मंगळवार, २५ जुलै १९९५

चि. मिरियम हिस,
शालोम. अ. उ. आ. वि. वि.

हात जोडले कारण हिरामणने मान वर करून बघितलं. माणसाने बघितलं तर नमस्कार करू नये काय?

हिरामणची सोय केली. मंगळवारचा चाकू कान्हू कंडक्टरबरोबर पाठवतो आहे, पितळी मुठीचा. गणपतीचा वार मंगळवार, त्यामुळे हिरामणला नाही म्हणता येणार नाही. टोक मीच मोडलं, आबांच्या चाकूचं मोडलं होतं अगदी तेवढंच. दोन दिवस हातोडी हातात घेऊन ओट्यावर बसलो होतो. लहानपणी एका दमात मोडलं, आता धीर होईना. शेवटी डेबोरा म्हणाली, मामंजी, मी मोडू का? तेव्हा मोडलं.

तुझ्या त्या मुलीचंही उत्तर सापडलं, आणि ते आईचंच आहे. सात तारखेला मी येतो. आबांचा धारेचा दगड बरोबर आणतो. तुझ्या ओट्यावर बसून धार लावीन, चाकू उंबऱ्यावर ठेवीन आणि रस्त्याकडे तोंड करून उभा राहीन. तू उचल. मग कुणी दिलाय का विचारलं तर नाही म्हण. कुणीच दिलेला नाही. खोटं नाही आणि तुटायलाही नको.

शुक्रवारी खिशात काय घालायचं याची काळजी तू करू नकोस. मी करतोच आहे.

आशीर्वाद आहेतच, ते मात्र हातातच देणार.

तुझा,
हासाजीदादा

*

अश्दोद, रविवार, ३ सप्टेंबर १९९५

तीर्थरूप हासाजीदादा यांस,
शालोम. समुद्रापलीकडून मिरियमचा कृ. सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. विमानतळावर त्या मुलीने तेच विचारलं. मी म्हटलं, कुणी काही दिलेलं नाही. इथे थांबायचं होतं. पण ते अर्धवट वाटलं, म्हणून सांगून टाकलं की भावाने उंबऱ्यावर चाकू ठेवला आणि मी उचलला. मग आणखी दोघं आली. मोठी बॅग उघडली, पापड मोजले, पोहे हुंगले. कुंकवाचा डाग बघून तर त्यांचे चेहरेच उतरले. मी हिरामणपासून सगळं सांगितलं, त्यांना एक अक्षर कळलं नाही. शेवटी आपल्यातला एक मुलगा आला, त्याची आजी अलिबागकडची. त्याने सगळं ऐकलं, भिंतीकडे तोंड करून हसला, चाकू परत बॅगेत ठेवला आणि म्हणाला, आजी, आता कुणी काही विचारलं तर नुसतं हो किंवा नाही म्हणा.

घर चांगलं आहे. बाल्कनीतून समुद्र दिसतो, पण मिठागरं नाहीत, त्यामुळे ओळखीचा वाटत नाही. शेजारणी खूप बोलतात, कळत नाही. मीही मराठीत उत्तर देते. आरोनला आजोबांचा चाकू उघडून बघायची हौस, अंगठ्याला मोठी पट्टी बांधून फिरतो आहे.

एक वाईट बातमी द्यायची राहिली. चाकूची धार पार गेली. काकडी कापायला घेतली तर नुसती दबते. इथे धार लावणारा फिरत नाही. आबांचा दगड तुझ्याकडे, आणि तो पोस्टाने यायचा नाही एवढा जड. दगडाचं काय करायचं ते तूच ठरव. मी काही म्हणत नाही.

नव्याचा सण जवळ आला. इथून माया पाठवते, ती दाराशी ठेवली आहे असं समजून उचल.

तुझी,
मिरियम

*

रोहा, मंगळवार, १९ सप्टेंबर १९९५

चि. मिरियम हिस,
शालोम. नव्या वर्षाचे अ. उ. आ. वि. वि.

पत्र डेबोराने मोठ्याने वाचलं. धारेपाशी ती थांबली आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, मागे जाऊन पुन्हा वाच.

सात ऑगस्टला तुझ्या ओट्यावर मी त्या चाकूने माझ्या मनगटावरचे केस काढून बघितले होते. ती जागा अजून गुळगुळीत आहे. जो चाकू आरोनचा अंगठा कापतो त्याला काकडी कापवत नाही? बोरं खाऊन माझं नाव सांगणारी तू, चौसष्टाव्या वर्षी पहिल्यांदा खोटं बोललीस, आणि तेही एकाच पानावर पकडलं जाईल असं. विमानतळावर तुझं खरं कुणाला पटेना आणि इथे तुझं खोटं लपेना.

काल पासपोर्टचा फॉर्म आणला. फोटोही काढला. डेबोरा म्हणते, फोटोत मामंजी दुसऱ्याच्या खिशातला चाकू चोरून आल्यासारखे दिसतात. तू दिलेला सदराच घातला होता. कान्हूने स्टँडभर सांगून ठेवलंय की काका पेणच्या पुढे चालले, त्यामुळे आता माघार घ्यायची सोय राहिली नाही.

मंगळवारी डब्यातला एक घालतो. शुक्रवारी मात्र खिसा रिकामाच ठेवतो. आता आठवड्यातून दोन दिवस डावीकडे झुकतो. दगड फडक्यात बांधून दाराशी ठेवला आहे. ती मुलगी विचारेल कुणी काही दिलंय का. सांगेन, बहिणीने एक खोटं दिलंय, तेवढंच परत करायला चाललो आहे.

आरोनला सांग, चाकूला हात लावू नकोस. तूही इथे-तिथे चौकशी करून कुणाकडून धार लावून घेऊ नकोस. मी येईपर्यंत तो बोथटच राहू दे.

तुझा,
हासाजीदादा