बाबांची पेटी कोणी धरायची

छांगशा,
११ मार्च १९७९

प्रिय श्याओमान,

अनेक आशीर्वाद. पत्राची सुरुवात हवेपासून करावी, असं आमच्या कॉन्व्हेंटमधल्या नन्स शिकवायच्या. तर इथे आठवडाभर झिमझिम आहे, भिंतींना ओल आलीय. तुमच्या उत्तरेत अजून बर्फच असेल. बोटं फुटतात का गं अजून? मिरचीचं लोणचं पाठवलंय, भाताबरोबर खा.

परवा सैन्याच्या कचेरीतून कॉम्रेड फू आले होते. तुझ्या बाबांवरचे सगळे आरोप मागे घेतलेत. या महिन्याच्या अखेरीस शोकसभा आहे. भाषणाचा मसुदा त्यांनी मला वाचून दाखवला. सुतारकाम सोडून भाला उचलला तिथपासून क्रांतिसैन्याची ती दलदलीतली पायपीट, जपान्यांशी लढाई, सेनापतीपद, सगळं एका पानात मावलं. कोठडीतली वर्षं अर्ध्या ओळीत. मी म्हटलं, "ते फार बेसूर गायचे, हे नाही लिहिलंत?" बिचारे गोंधळलेच.

अस्थी कुणी राखल्याच नाहीत. म्हणून अस्थींच्या पेटीत त्यांचा चष्मा ठेवायचा ठरलाय.

मग फू कपात बघत म्हणाले, "ताई, पेटी थोरल्या अपत्यानं धरायची असते. पुतण्याला सांगू का?"

"का? मला मुलगी आहे की."

"आहे हो. पण तिनंच तर कॉलेजच्या भिंतीवर..."

"चहा घ्या, गार होतोय."

श्याओमान, ते पोस्टर आपण दोघींनी कधी ओठांवर आणलं नाही. 'आजपासून हा गद्दार माझा बाप नाही.' तू बाबांचं आडनाव टाकून माझं माहेरचं लावलंस, दूर गेलीस, परत आली नाहीस. तेव्हा टपाल फोडून वाचायचे, म्हणून मलाही लिहिता आलं नाही. आज लिहिते.

बाबांची शेवटची भेट मिळाली तेव्हा दारात पहारेकरी उभा होता. बाबा खूप वाळले होते. मला म्हणाले, "पोरीचं पोस्टर वाचलंस?"

मी मान हलवली.

"अक्षर बघ काय सुरेख! तुझ्या नन्सची कृपा. माझं पाहून शिकली असती तर कुणाला वाचताच आलं नसतं."

मला रडू आवरेना. तर चिडले. "रडतेस काय? वेढा पडला की आधी पोरांना बाहेर काढायचं, जन्मभर मी तेच केलं. ही तर हुकमाची वाट न बघता निघाली. माझीच पोर ती."

पहारेकरी ओरडला, "कुजबुज बंद!" बाबा हसले गं. मोठ्यानं हसले.

पुतण्याला मी नको म्हणून कळवलंय. तू आली नाहीस तर पेटी मीच धरेन, पण माझे हात आता कापतात.

घरच्या पुष्पचक्रावर पांढरी फीत लागते. तिच्यावर मी माझं नाव लिहिलंय. त्याच्याखालची जागा कोरी आहे. तू ये आणि तुझ्या हातानं लिही. आडनाव तुला हवं ते घाल.

स्टेशनावर मी येईन.

तुझी आणि त्यांचीही,
आई