जयेशदादाची जागा

प्रिय जयेशदादा,

तू गेल्यावर तुला कधी लिहीन असं वाटलं नव्हतं. आपण बोलायचो ते हेल्मेट काढून, घाम पुसत, अर्ध्या-अर्ध्या वाक्यांत. पण काल आपल्या संघाचे पाटकर सर पुण्याहून थेट आमच्या सरावलीच्या घरी आले, चहा प्यायले आणि म्हणाले, "सानिका, जयेशच्या जागी आता तू. पहिली रायडर. दोन मोसमांचा करार." उद्या सही करायची आहे, आणि माझं डोकंच चालेनासं झालंय.

पप्पांनी तर लगेच फोन करून कारखान्यात सगळ्यांना सांगूनही टाकलं. मी मात्र विचारलं, "सर, दादाची जागा इतक्या लवकर भरायची?"

सरांनी कप खाली ठेवला. "तो राहणार नव्हताच गं. कोइमतूरच्या संघाशी त्याचं ठरलं होतं. आजारी पडायच्या आधीच मला सांगितलं होतं त्यानं."

काय? तू? आपला संघ सोडून?

आपल्याकडे शर्यतीच्या मोटारसायकली दोनच. पहिल्या रायडरला नवं इंजिन, नवे टायर. दुसऱ्यानं उरलेल्यावर भागवायचं आणि पहिल्याच्या पुढे जायचं नाही. ती दुसरी जागा मला तूच मिळवून दिलीस. पप्पांची गाडी दुरुस्तीला घेऊन मी बोईसरला तुझ्या गॅरेजात आले होते. मी गाडी वळवताना पाहून तू म्हणालास, "पोरी, तुला भीती नाय का वाटत?" मग मासवणला, भात कापून रिकाम्या झालेल्या तुमच्या शेतात, घसरणारी गाडी सावरायला शिकवलंस. किती पडले मी! आणि तू बांधावर बसून हसायचास.

"आपण दोघं हाय तोवर सरांना काळजी नाय," असं म्हणायचास. मी ते खरं धरून बसले होते रे.

आज सकाळी मासवणला गेले. तुझी आई ओटीवर वाल सोलत बसली होती. मी विचारलं, "काकी, दादा संघ सोडणार होता, हे तुम्हाला माहीत होतं?"

"माहीत नसंल कसं? मला म्हनला, आये, मी हाय तोवर सानिका मागंच राहनार. तिला पुढं जागा पायजे." तिनं आणखी एक वाल सोलला. "आनि दुसऱ्या दिवशी म्हनला, तिकडची गाडी लय भारी हाय, आये! लहान पोरासारका नाचत होता." हे सांगताना ती हसली, आणि हसता हसताच तिला रडू फुटलं. मी तिच्याजवळ बसून राहिले.

म्हणजे नक्की काय होतं, दादा? माझ्यासाठी चालला होतास की त्या गाडीसाठी?

आता मला ती चेन्नईची शेवटची शर्यत सारखी आठवते. कडेच्या पाटीवर सरांनी मला 'मागेच राहा' असं दाखवलं होतं. शेवटच्या वळणावर तू बाहेरच्या बाजूला गेलास, आतली वाट मोकळी झाली आणि मी काही विचार न करता घुसले. पहिली आले! सर चिडतील म्हणून मी घाबरले होते. तू फक्त म्हणालास, "ब्रेक दाबायला उशीर झाला, बस." त्या दिवशी तू जेवलाही नाहीस. पुढच्याच आठवड्यात कावीळ निघाली.

वाट सोडलीस की चुकलास? की तेव्हाच अंगात ताकद उरली नव्हती? कितीही वेळा ते वळण डोळ्यांसमोर आणलं, तरी मला कळत नाही. माझा पहिला विजय माझा आहे की नाही, हेही आता सांगता येत नाही!

पालघरला दवाखान्यात भेटायला आले, तेव्हा तुझे डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते. आपण टायरबद्दल बोललो. निघताना तू म्हणालास, "बरा झालो की बोलू. एक गोष्ट हाय." मी म्हटलं, आधी बरा हो. हीच गोष्ट होती का? नव्या संघानं तोंड बंद ठेवायला सांगितलं होतं? की मी रडेन असं वाटलं तुला? रडले असते. पण नंतर तुझी बॅग भरायला आले असते ना!

काल रात्रीपर्यंत वाटत होतं, मेलेल्या माणसाच्या घरातून वस्तू उचलावी तशी ही जागा घेतेय. आता कळतंय, तू ती आधीच रिकामी केली होतीस. यानं हलकं वाटायला हवं होतं. तसं वाटत नाही. तुझ्या मरणावर रडत होते, त्यात आता तुझ्या जाण्यावरही रडतेय.

तरी सरांना कळवलंय की सही करते. त्यांना माझ्या गाडीवर तुझा नंबर लावायचा होता. मी नको म्हणाले. बरोबर केलं का, माहीत नाही. माझ्या जुन्या जागेवर कोण येणार, ते अजून ठरलेलं नाही.

पण जे कोणी येईल, त्याच्याबाबतीत तुला शब्द देते. मी जायचं ठरवलं, तर सरांच्याही आधी त्याला सांगीन, समोर बसून. आणि कधी वाट सोडली, तर सोडली म्हणून सांगीन.

तुझ्यावर अजून अर्धी रागावलेली,
सानिका