होडीहरणपर्व

रविवार, २ मार्च २०२५

स्वस्ति श्री! अखिल-खाडीतीर-मंडलभूषण, नमनरंगभूमी-सिंहासनाधीश्वर, लट्-लोट्-लङ्-लकार-प्रहारदक्ष, नववी-'ब'-तुकडी-भयंकर, त्रिकालचहापाननिष्ठ, मत्स्याहारतत्पर, आम्लपित्तविभूषित, राजमान्य राजेश्री खंडेराव मास्तर (पाळण्यातले नाव खंडू) यांनी आज स्वगृही, स्वकीय सिंहासनावर आरूढ होऊन, स्वपुत्राच्या मित्रमंडळाविरुद्ध युद्ध घोषित केले आहे. युद्धाची वार्ता तूर्त या पानालाच आहे. शत्रूला यथावकाश कळवू.

सिंहासन म्हणजे ओटीवरची सागवानी खुर्ची. वाडीच्या नमनात, म्हणजे आमच्या लोकनाट्यात, राजाची भूमिका तारुण्यापासून माझ्याकडे. तेव्हा खुर्चीही माझ्याकडे. सोनेरी कागद मी चिकटवला. हातांवरचे सिंह सुताराने कोरले, त्यामुळे ते मांजरासारखे दिसतात. असो.

पुत्र — चिरंजीव अजिंक्य. वय सोळा, इयत्ता अकरावी. सकाळी अंथरुणाशी जे युद्ध होते, त्यात आजवर एकदाही विजयी नाही.

शत्रूचा सेनापती — सूरज. वाडीतलाच, दोन वर्षांनी मोठा. त्याच्या दुचाकीच्या नळकांड्यातून जो ध्वनी निघतो त्याने माझे संधी-समास विस्कटतात. उपसेनापती — बाबू. याला स्वतःचे वाक्य नाही. सूरज बोलतो त्यातला शेवटचा शब्द हा पुन्हा उच्चारतो. आणि या द्वयीच्या मागे, शेपटासारखा, माझा कुलदीपक! सूरज हसला की हसतो, थुंकला की थुंकतो. केसही तसेच कापून आला आहे — डोक्याच्या दोन्ही बाजू तासलेल्या, माथ्यावर गवत. कातळावर आषाढात उगवते तसे.

मंगळवार, ४ मार्च

फाकपंचमी. शिमग्यास प्रारंभ. आजपासून बोंब मारणे हे धर्मकृत्य! म्हणजे सूरज आता धर्मात्मा झाला.

गुरुवार, ६ मार्च

मी ओटीवर शिकवणीच्या मुलांकडून रूपे घोकून घेत होतो — रामः रामौ रामाः. कोणीतरी कुंपणाआडून त्याची चित्रफीत केली, तीत ढोल मिसळला, आणि आता संपूर्ण वाडी माझ्या प्रथमा विभक्तीवर नाचते आहे. दूधवाल्यानेसुद्धा आज 'रामौ' म्हणून हाक दिली. द्विवचनी! मी एकटाच उभा असता!

कर्ता कोण ते सांगायला नको. क्रोधाचे कारण तेही नाही. चित्रफितीच्या शेवटी एक हसू ऐकू येते. ते मी ओळखतो. ते ऐकण्यासाठी एके काळी मी या गुडघ्यांनिशी घोडा होत असे.

सौ. मनिषा म्हणाली, "अहो, पोरा हायत ती. आणि तुमी बरे दिसताव त्यात."

गृहातही फितुरी.

रविवार, ९ मार्च

आनंदवार्ता! शत्रूने आज माझ्या दुसऱ्या शत्रूच्या वाहनाचे हरण केले.

शिमग्याचा आचार असा: होळीसाठी पोरांनी कोणाच्याही परसातले लाकूड न विचारता पळवावे. एकदा का ते होळीच्या ढिगावर पडले, की देवाचे झाले. मालकाने मागू नये. मागायला आलाच तर त्याला बोंब ऐकवून परत पाठवावे. माझे आजोबा याच रीतीने एका पलंगाला मुकले आणि उरलेले आयुष्य चटईवर निजले, कुरकुरले नाहीत.

यंदा ढिगावर शेजारच्या धोंडूबाईची होडी आहे. पालथी घालून दगडांवर ठेवली होती, तेलाचा हात द्यायला. वीरांना ती मोडीत निघालेली भासली! नेणाऱ्यांत सूरज, बाबू आणि आमचे चिरंजीव.

धोंडूबाईविषयी मला तिळमात्र दया नाही. ही बाई आमच्या सामाईक दगडी गडग्यावर, नेमके माझ्या ओटीच्या वाऱ्याच्या तोंडी, बोंबील सुकत घालते. मी 'मेघ' म्हणावे आणि नाकात बोंबील यावा! किती वेळा सांगितले. उत्तर एकच — "मास्तर, खाताना वास येत नाय काय?"

न्याय झाला. आज श्वास मोकळा वाटतो.

सोमवार, १० मार्च

धोंडूबाई आली. पायरीवर बसली नाही. उभ्यानेच.

"मास्तर, तुमच्या पोरान माजी होडी नेलान."

मी सिंहासनावर सावरून बसलो. म्हणालो, "धोंडूबाई, लोकाचार सनातन असतो. जे अग्नीला अर्पण झाले, ते—"

"ता तुमच्या शाळंत सांगा! ओहोटी लागली की मी खाडीत तिसऱ्या-शिंपल्या काढायला जाताव त्या होडीतना. नवरा गेला तवापासना तिच्यावर घर चाललाय. आता काय, पवत जाव?"

उत्तर माझ्यापाशी सिद्ध होते, परंतु तेवढ्यात रस्त्यावरून सूरज ओरडला, "काकी, एक बोंब घे नि जा घरला!" बाबू म्हणाला, "घरला!" आणि दोघांनी तोंडावर हात मारून जो शंखध्वनी केला, त्याने कावळे उडाले.

अजिंक्य त्यांच्या शेजारीच उभा होता. त्याचाही हात तोंडापर्यंत गेला. तिथेच राहिला. बोंब निघाली नाही.

धोंडूबाई निघून गेली. वाऱ्यावर बोंबलांचा वास होताच. होडी गेली तरी बोंबील शाबूत!

मंगळवार, ११ मार्च

जेवताना चिरंजीव: "बाबा, होळीवरनं परत काढता येत नाय?"

"नाही. देवस्व आहे ते."

"कुठं लिहिलंय?"

"सर्वत्र."

(कुठेही लिहिलेले नाही. परंतु स्वर भारदस्त लागला होता. तो वाया घालवणे जिवावर आले.)

"सूरज पण तेच म्हणतो. म्हणतो, म्हातारी दोन दिवस ओरडेल नि गप बसेल."

सूरजचे आणि माझे आयुष्यात प्रथमच मतैक्य. ही गोष्ट मला आवडली नाही. अजिंक्यने पानात अर्धी भाकरी टाकली. तेही आवडले नाही.

बुधवार, १२ मार्च

मनिषेकडून कळले: अजिंक्य सूरजकडे गेला आणि म्हणाला, होडी परत ठेवू. सूरज म्हणाला, "काकीचा जावई झालास काय रे?" सगळे हसले. सायंकाळी त्याला मोबाइलवरच्या त्यांच्या ग्रुपमधून काढून टाकले. वाळीत टाकण्याची ही आधुनिक पद्धत — ना पंच, ना बैठक. एक बोट!

मला परमानंद व्हायला हवा होता. सेना फुटली! त्याऐवजी दिवसभर चिडचिड. सूरजचा राग येतो. त्याला 'जावई' म्हणणारा हा कोण? माझ्या पोराला हिणवण्याचा अधिकार या पंचक्रोशीत केवळ मला आहे.

शुक्रवार, १४ मार्च

अतःपर जे घडले ते मी शक्य तितक्या थंड डोक्याने लिहितो. डोके थंड नाही.

काल सायंकाळी होम. वाडी जमली. ढिगाच्या माथ्यावर ती होडी, पालथी, मेलेल्या माशासारखी. मानकरी महिपतदादा गाऱ्हाणे घालायला पुढे झाले. गाऱ्हाण्याची रीत लहान मूलही जाणते — मानकऱ्याने देवाला सांगावे, आणि सर्वांनी एका कंठाने होकार द्यावा. विचार करण्याची सोय नाही, आवश्यकताही नाही.

"बा देवा म्हाराजा! आज वाडीची रयत तुझ्या पायाशी गोळा झाली हाय!"

"व्हय म्हाराजा!"

"मुंबयला गेलेल्या पोरांना सुखी ठेव, दर्यावर गेलेल्यांना सुखरूप आण!"

"व्हय म्हाराजा!"

"पोरासोरांकडना काय चूकभूल झाली असंल, ती पदरात घी!"

"नाय म्हाराजा!"

एकच आवाज. फुटलेला — अर्धा पोराचा, अर्धा पुरुषाचा. मला वाटले, कोणी पिऊन आला आहे. मान वळवली. माझा मुलगा.

देवापुढे 'नाय' म्हटलेले या वाडीत कोणी ऐकलेले नाही. महिपतदादांना पुढले वाक्य आठवेना. अजिंक्यचे कान लाल झाले होते.

तो म्हणाला, "होडी आम्ही आणली. धोंडूकाकीची. चूक आमची हाय. ती देवानं पदरात कशाला घ्यायची?"

सूरजने बोंब ठोकली. त्याच्यामागून पाचपन्नास जणांनी. हा हलला नाही. बोंब संपेपर्यंत थांबला — वर्गात मी गोंधळ शमण्याची वाट पाहतो, तसा — आणि पुन्हा म्हणाला, "होडी खाली घ्या."

मी त्याचा जन्मदाता. तरी कबूल करतो, पहिला विचार आला तो असा की आता शिक्षक-कक्षात काय तोंड दाखवू!

महिपतदादांनी ढिगाकडे पाहिले. मग म्हणाले, "देवाची जागा रिकामी ठेवता येत नाय, पोरा. बदली काय देतोस?"

याने इकडे पाहिले, तिकडे पाहिले. स्वतःचे असे त्याच्याकडे आहे तरी काय? एक मोबाइल, तोही काच तडकलेला. मग नजर आमच्या ओटीकडे गेली.

"बाबा, तुमची खुर्ची देऊ?"

विचारले, हे मान्य. सर्व वाडीदेखत विचारले, हेही नोंदवून ठेवतो.

मी नकार सिद्ध केला. कारणे तीन; दोन संस्कृतातली. तोंड उघडणार, तोच तो कपटी महिपत देवाकडे वळून गरजला, "मास्तर खुशीनं आपली खुर्ची देतायत, म्हाराजा!"

आणि माझे तोंड! जन्मभर ज्या तोंडाला याच जागी एकच उत्तर ठाऊक, ते माझ्या अनुज्ञेवाचून उघडले आणि सर्वांच्या आधी, सर्वांहून खणखणीत म्हणाले —

"व्हय म्हाराजा!"

सोळा वर्षांच्या पोराला 'नाय' म्हणता आले. मला आले नाही. खुर्ची जळाली. सोनेरी कागदाची ज्वाला हिरवी असते, हे नवे ज्ञान. मी प्रसन्न झालो नाही, माझे मन भरून आले नाही, डोळ्यांत जे होते तो धूर होता.

होडी खाली घ्यायला कोणी पुढे होईना. एक टोक अजिंक्यने धरले, दुसरे त्या साठीच्या बाईने. हलेना. मग बाबू गर्दीतून आला, मध्ये शिरला. सूरज त्याला म्हणाला, "ए, मागं ये!" बाबूने प्रथमच शेवटचा शब्द उच्चारला नाही.

धोंडूबाईने आभार मानले असतील, असे कोणा भाबड्यास वाटेल. तिने होडीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "फळी फोडलाव, मेल्यांनो! ती कोण बसवणार?"

"मी," अजिंक्य म्हणाला.

"येते काय तुला?"

"नाय. शिकव."

शनिवार, १५ मार्च

मी त्याच्याशी अबोला धरला आहे. त्याला ते अद्याप कळलेले नाही. दिवसभर धोंडूबाईच्या परसात असतो. सूरजने फाटकाशी येऊन बराच वेळ भोंगा वाजवला. आतून फक्त हातोडीचा आवाज. शेवटी भोंगा थकला.

जेवताना पोराने मनिषेला विचारले, "आई, माझ्याशी कोण बोलत नाय वाडीत. किती दिवस असं राहील?" तिने माझ्याकडे पाहिले. मी अबोल्यात असल्यामुळे मला काही बोलता आले नाही. स्वतःच्या शस्त्राने स्वतःस जखम — या प्रकाराला अलंकारशास्त्रात नाव असावे. सापडत नाही.

मंगळवार, १८ मार्च

आज पालखी घरोघर फिरली. आमच्या अंगणात टेकली. प्रत्येक दारी मानकरी त्या घरच्या कर्त्या पुरुषाचे नाव घेऊन देवापुढे गाऱ्हाणे घालतो. मी नवे उपरणे घेऊन पुढे सरसावलो. महिपतदादांनी माझ्याकडे पाहिले, माझ्या खांद्यावरून पलीकडे पाहिले, आणि नाव घेतले — "बा देवा, या घरचा अजिंक्य..."

कोणी दुरुस्त केले नाही. मीही नाही. मी मागे झालो आणि मंडळींना पाणी दिले.

पेले परत मोजले तर सहाच्या संचातला एक गेलेला, आणि त्याच्या जागी मागच्या कोणा दारातून पालखीसंगे आलेला, 'चि. सौ. कां. नम्रता हिच्या विवाहाप्रीत्यर्थ' असे कोरलेला, बुडाशी चेपलेला पेला! वाडीत दोन नम्रता आहेत. दोघींनीही कानांवर हात ठेवले. आता हा ठेवायचा कुठे? मांडणीत तो सरळ उभा राहत नाही.