मिशीसह बेटावर जाता येत नाही

इंदिरानगर, नाशिक
रविवार, दुपारच्या चहानंतर

तीर्थस्वरूप चांगुणाताईस,

धाकट्या धनराजचा तुला आणि दाजींना वाकून नमस्कार. आधी समोरच्याची तब्येत विचारावी आणि मग आपली कळवावी, हा पत्राचा रिवाज मला ठाऊक आहे, आणि तुझ्या गुडघ्यांची चौकशी मी पुढे करणारच आहे. पण आज रांग मोडून एक वाक्य आधी लिहितो: आपला बा ठणठणीत आहे. काल सकाळी त्याने नाचणीच्या दोन भाकरी खाल्ल्या आणि तिसरी मागितली, असं हिरामणने कळवलं आहे. (हिरामण म्हणजे हरसूलच्या बाजारात मीठ-मिरचीचं दुकान लावतो तो. त्याचा या प्रकरणात हात आहे, ते पुढे येईल.) तेव्हा तुझ्या पाड्यापर्यंत काही उलटसुलट आलं असेल तर डोळे पूस आणि शांतपणे वाच. फोनच करणार होतो. पण तुझ्याकडे रेंज शाळेमागच्या टेकाडावरच येते. तू चढून येतेस, आधी धापा टाकतेस, मग रडतेस, आणि तुझी ऐकायची पाळी येईतो रेंज निघून गेलेली असते. म्हणून हे पत्र सुरगाण्याच्या एसटीच्या कंडक्टरकडे देतोय. भला माणूस आहे, फक्त पाकीट नीट चिकटवलेलं नसेल तर वाचतो.

आता आनंदाची बातमी, आणि ती इतकी मोठी आहे की लिहिताना पेन सरळ चालत नाही. तुझी भाची सृष्टी पुण्याला नोकरीला लागली हे तुला माहीत आहेच. पोरीने ठरवलं आहे की आम्हा दोघांना अंदमानला न्यायचं. विमानाने! आणि तिथे नुसतं फिरून यायचं नाही, तर एक अख्खा दिवस खाजगी बेटावर घालवायचा. खाजगी म्हणजे त्या दिवशी तिथे आपण आणि बोटवाला, बाकी कुणी नाही. सकाळी बोट सोडते, दुपारी वाळूवरच जेवण, संध्याकाळी बोट न्यायला येते. पुढच्या महिन्याची बारा तारीख पक्की झाली आहे. मी कॅलेंडरवर त्या तारखेभोवती गोल काढला होता. तृप्तीने (तुझी भावजय तशी संयमी आहे) त्या गोलाला पाकळ्या काढल्या. बोट चौघांची आहे. चौथी जागा तिच्या बहिणीला, मोहिनीला, देऊ केली होती, पण मोहिनीला पंचवटीहून इंदिरानगरला यायलाही रिक्षा लागते, तिथे बोट काय सोसणार? ती जागा रिकामी आहे.

ताई, बेट म्हणजे बांबूचं बेट नव्हे. हे मुद्दाम लिहितो, कारण बाचा घोटाळा तिथेच झाला. मी फोनवर मोठ्या हौसेने सांगितलं की आम्ही खाजगी बेट बघायला चाललोय. तो म्हणाला, ‘‘त्याला विमान कशाला? आपल्या बांधावर हाय की.’’ मग त्याने बेट कुणाच्या मालकीचं आहे, काठी किती जाड आहे आणि कोवळे कोंब काढू देतात का, हे विचारलं. मी सांगितलं, अरे बा, चारी बाजूंनी पाणी असतं ते बेट. ‘‘म्हंजे धरणात बुडालेलं,’’ तो म्हणाला, आणि ज्या कुणाचा बांबू बुडाला त्याच्याबद्दल त्याने मनापासून हळहळ व्यक्त केली.

त्या बेटाजवळ जे करायचं असतं त्याला स्नॉर्कलिंग म्हणतात. डोळे आणि नाक झाकणारा काचेचा मुखवटा लावायचा, तोंडात वाकडी नळी धरायची, नळीचं दुसरं टोक पाण्याबाहेर ठेवायचं, आणि पाण्यावर पालथं पडून खालचे मासे बघायचे. निळे, पिवळे, पट्ट्यापट्ट्यांचे. पकडायचे नाहीत, नुसते बघायचे. माझं सगळं आयुष्य पाटबंधारे खात्यात गेलं. पाणी मी फक्त फायलीत पाहिलं, आणि तिथेही ते बहुतेक वेळा आटलेलंच असायचं. म्हणून म्हटलं, आता एकदा पाण्याला आतून बघू. सृष्टीने मुखवटा-नळी आधीच पाठवून दिली. मी रोज हॉलमध्ये पालथा पडून, नळीतून श्वास घेत, हातपाय मारत असतो. तृप्ती मला ओलांडून केर काढते.

जमिनीवरचा सराव झाल्यावर मी मागच्या अंगणात प्लास्टिकचा मोठा टब भरला, गुडघ्यांवर बसलो आणि डोकं आत घातलं. नेमक्या त्याच वेळी शेजारच्या मंगलाबाई विरजण मागायला मागच्या दाराने आल्या. त्यांना दिसलं ते एवढंच, की साहेबांचं मुंडकं टबात आहे, अंग हलत नाही आणि पाण्यातून एक नळी वर आली आहे. (अंग हलत नव्हतं कारण मी टबाच्या तळाशी बसलेला एक तांदळाचा दाणा मासा समजून निरखत होतो.) त्यांनी जी किंकाळी फोडली, ती मला पाण्याखालीसुद्धा स्वच्छ ऐकू आली. मी दचकून वर आलो, तर तोंडात नळी, डोळ्यांवर काच. त्यावर दुसरी किंकाळी. आता त्या विरजण पुढच्या दाराने मागतात आणि आधी विचारतात, ‘‘साहेब कोरडे आहेत का?’’

खरी अडचण मात्र वेगळीच निघाली. मुखवट्यात पाणी शिरायचं. पट्टा आवळला, सैल केला, उलटा लावून पाहिला, पण डोकं बुडवलं की घटकाभरात नाकाशी तळं. शेवटी सृष्टीने फोनवर विचारलं, ‘‘पप्पा, मिशी आहे ना अजून?’’ मुखवट्याची रबरी कड ओठावर चिकटून बसावी लागते, आणि मध्ये मिशी आली की फट राहते, त्यातून पाणी आत. मिशीला व्हॅसलीन चोपडून पाहा, असंही ती म्हणाली. चोपडलं. मुखवटा असा सटकला की थेट तुळशीवृंदावनात जाऊन पडला. मग पोरीने निर्णय दिला: एक तर मिशी, नाही तर मासे.

ताई, तुला वाटेल, मिशी काय, चार दिवसांत पुन्हा येते. पण आपल्याकडे माणूस मिशी कधी काढतो ते तुला सांगायला नको. बाप गेला की. बा तिकडे भाकरी मागून खातोय आणि मी इकडे ओठ उघडा करायचा, हे माझ्याही मनाला पटेना. तीन संध्याकाळी मी आरशासमोर उभा राहिलो. चौथ्या दिवशी त्या निळ्या-पिवळ्या माशांचा फोटो पुन्हा पाहिला, आणि पाय आपोआप नवनाथच्या सलूनकडे वळले.

नवनाथ आपल्याच बाजूचा, हरसूलचा. खुर्चीत बसलो आणि म्हटलं, ‘‘मिशी काढ. पूर्ण.’’ त्याचा हात थांबला. गाणं लागलं होतं ते त्याने बंद केलं. हळूच म्हणाला, ‘‘कधी?’’ मला वाटलं, सहलीचं विचारतोय. म्हटलं, ‘‘बारा तारखेला.’’ त्याने मान हलवली. (मला आता कळतं, त्याने ते ‘बाराव्याला’ असं ऐकलं.) ‘‘रामकुंडावरच ना?’’ त्याने विचारलं. मी हसलो. म्हटलं, ‘‘रामकुंड कशाला, थेट समुद्रात. अंदमानला. बोट ठरवली आहे.’’ त्याचे डोळे भरून आले. ‘‘एवढं कोण करतंय हो बापासाठी,’’ तो म्हणाला. मला वाटलं, तो सृष्टीचं कौतुक करतोय. मीही म्हटलं, ‘‘पोरीचीच हौस. घरचे सगळेच उतरणार आहोत पाण्यात.’’ त्याने हातातला वस्तरा कपाळाला लावला, अतिशय मायेने माझी मिशी उतरवली, आणि पैसे द्यायला खिशात हात घातला तर माझा हात धरून म्हणाला, ‘‘आज नाय. म्हातारा मला पोरगाच मानायचा.’’ तो ‘मानायचा’ माझ्या कानात शिरला, पण डोक्यापर्यंत पोचला नाही. डोक्यात मासे होते.

माझी पाठ वळताच नवनाथने हिरामणला फोन केला. तिकडे बाजाराचा दिवस. मिठाच्या ढिगाशी निघालेली बातमी मिरचीच्या ढिगापर्यंत येईतो बाचे शेवटचे शब्दसुद्धा तयार झाले होते. मंडळी तशीच उठून बाच्या अंगणात गेली. बा ओसरीवर बसून कुडाच्या भिंतीसाठी बांबूच्या कामट्या सोलत होता. एवढी माणसं उतरल्या चेहऱ्याने आलेली पाहून त्याला वाटलं, पाड्यात कुणी तरी गेलं. त्याने सगळ्यांना बसायला सांगितलं, पाणी दिलं, आणि तोही मान खाली घालून त्यांच्यासोबत बसला. जन्म-मरण कुणाच्या हातात नाही, असंही म्हणाला. त्यावर दोघे-तिघे चक्क रडले. शेवटी शेजारच्या भागीबाईला राहवेना. ती म्हणाली, ‘‘मंगळू, तू मेलास म्हणं.’’ बाने कामटी खाली ठेवली. ‘‘मला नाय सांगितलं कुणी,’’ तो म्हणाला.

हे सगळं हिरामणने मला फोनवर सांगितलं, निम्मं हसत आणि निम्मं शिव्या देत. मी माझी बाजू मांडली. त्याने जाऊन ती बाला सांगितली: पोराने मिशी काढली ती मासे बघायला. त्यावर बा एक अक्षर बोलला नाही म्हणे. उठला आणि घरात गेला. तेव्हापासून मी फोन करतोय, तो घेत नाही. ताई, मला इथेच खुपतंय. रागावून चार शब्द बोलला असता तर मी ऐकून घेतले असते. पण त्याच्या जिवंतपणी मी त्याच्या मरणाची खूण तोंडावर घेऊन हिंडतोय, असं त्याच्या मनाने घेतलं असेल, तर ते निळे मासे मला काळे दिसतील. मी सृष्टीला कळवलं आहे: बा तोंडाने ‘जा’ म्हणाला तरच मी जाणार. पोरीने पलीकडून नुसतं ‘बरं’ म्हटलं, आणि तिचं ‘बरं’ किती पाण्यात असतं ते मला माहीत आहे.

म्हणून ही विनवणी. तू थोरली आहेस, तुझं तो ऐकतो. एकदा हरसूलला जा, त्याच्यासमोर बस आणि त्याला सांग, की धनराज येडा आहे पण वाईट नाही. पुढचं तुला सुचेल तसं बोल. गुडघे कसे आहेत? एरंडाचं तेल लावतेस ना? दाजींना सांग, टेकाड चढू नका, पत्रच पाठवा. उघड्या ओठाला वारा लागतो गं.

तुझा,
धनराज

ता. क. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात दार वाजलं. बा! एकटाच एसटीने आला, खांद्यावर नव्या तांदळाची पिशवी. दारातच उभा राहून माझ्या ओठाकडे बघत राहिला. मग म्हणाला, ‘‘मी मेल्यागत दिसतो का तुला?’’ मी म्हटलं, नाही बा. ‘‘मग वाढव परत. मी हाय तवर माझ्यापुढं असा यायचं नाय.’’ मी म्हटलं, वाढवतो, पण मग मुखवट्यात पाणी जातं. ‘‘जाऊ दे,’’ तो म्हणाला. ‘‘तू काठावर बस.’’ एवढं बोलून त्याने मुखवटा मागून घेतला, आतून-बाहेरून पाहिला, स्वतःच्या भरघोस पांढऱ्या मिशीवर धरून पाहिला, आणि फार सावकाश म्हणाला, ‘‘माझा बा जाऊन लय वर्सं झाली. मला कोण अडवतंय?’’

ता. क. दुसरं. तो आत्ताच नवनाथकडून आला. नवनाथने त्याला दारात पाहिलं आणि हात जोडून भिंतीला टेकला. बा स्वतःच खुर्चीत बसला आणि म्हणाला, ‘‘काढ. कुणी मेलं नाय.’’ आता तो मागच्या अंगणात टबात डोकं घालून आहे. मुखवट्यात पाण्याचा थेंब नाही. मधूनच वर येतो, ‘‘मासं कुठं हायत हितं?’’ असं तृप्तीला दरडावतो आणि पुन्हा आत जातो. सृष्टीने चौथ्या जागेवर त्याचं नाव घातलंसुद्धा.

ता. क. तिसरं, आणि खरं काम हे. वरची विनवणी खोडल्यासारखी समज. बाला समजवायला जाऊ नकोस, पण हरसूलला मात्र जा, आणि उद्याच जा. त्याची म्हैस त्याच्याशिवाय फक्त तुलाच दूध देते, आणि आता बारा तारीख होईपर्यंत बा इथून हलत नाही म्हणतो, कारण टब इथे आहे. तिकडे कुणी विचारलंच, की तुमच्याकडे आता बिनमिशीची माणसं दोन कशी, नेमकं गेलं कोण? तर सांग, कुणी गेलेलं नाही. एकाला मासे बघायचे आहेत, आणि दुसरा काठावर छत्रीखाली बसून त्याचं धोतर सांभाळत मिशी वाढवणार आहे.